वापसा बघून चाक काढा: बेळगावातनं काजूच्या आणि द्राक्षांच्या मुलखात ग्रॅव्हल सायकल

आधी एक गोष्ट सांगून टाकतो. आमच्याकडं 'ग्रॅव्हल बाईक घेतलीय' म्हटलं की समोरचा पहिला प्रश्न विचारतो, सीसी किती? तर ही सायकल आहे. हँडल रेसर सायकलसारखं खाली वळलेलं, टायर मात्र जाड आणि खरबरीत, डांबरावर बऱ्यापैकी पळते आणि पाणंदीत घातली तरी कुरकुर करत नाही. बास, एवढंच.

नेटवर याचे व्हिडिओ बघितले तर सगळे बाहेरच्या देशातले, एका बाजूला द्राक्षाचे मळे, दुसऱ्या बाजूला समुद्र, मधून पांढऱ्या खडीचा रस्ता. मी पण दोन वर्षं तेच बघत लाळ गाळत होतो आणि मग एक दिवस टाळक्यात उजेड पडला की अरे, आपल्याकडं यातलं सगळंच आहे की. उत्तर-पूर्वेला अथणी, पुढं तिकोटा, म्हणजे द्राक्ष आणि बेदाणा. पश्चिमेला चंदगड, तिलारी, दोडामार्ग, म्हणजे काजू, आणि काजू म्हणजे त्याच्या बोंडांची दारू, उर्राक आणि फेणी. आणि घाट उतरलं की समुद्र. फक्त आपल्याकडं कुणी पाट्या लावून ठेवलेल्या नाहीत, वाट आपली आपण काढायची.

तर ती कशी काढायची ते लिहितो. मी काही एक्स्पर्ट नाही, पण बऱ्याच चुका करून झाल्यात त्यामुळं तुमच्या वाचतील.

माती आधी, सायकल नंतर

लोक विचारतात कुठली सायकल घेऊ, किती गिअर, कार्बन की अॅल्युमिनियम. माझं म्हणणं ते सगळं नंतर. आधी तुम्ही कुठल्या मातीत जाणार ते ठरवा, कारण आपला जिल्हा एक नाही, दोन आहेत. बेळगावच्या दक्षिणेला आणि पश्चिमेला, खानापूर, चंदगडकडं तांबडी माती आणि जांभा. उत्तर-पूर्वेला घटप्रभा ओलांडून रायबाग, अथणीकडं गेलं की काळी. या दोन मातींचा स्वभाव पूर्ण उलटा आहे आणि तो कळला की निम्मं काम झालं.

तांबड्या मातीत पाणी झिरपून जातं. रात्री पाऊस पडला तरी दुसऱ्या दिवशी दुपारी तुम्ही जाऊ शकता, उलट धूळ बसलेली असते त्यामुळं मजाच. काळी माती मात्र पाणी धरून ठेवते, फुगते, आणि मग जे काय होतं ते मी अथणीत भोगलंय.

जानेवारीत गेलो होतो, द्राक्षं भरात असताना. दोन दिवस आधी अवकाळी झाला होता पण मी म्हटलं ऊन पडलंय, वरून कोरडं दिसतंय. डांबर सोडून एका मळ्याकडं जाणारी गाडवाट धरली. पहिले शंभर मीटर ठीक. मग टायरला माती चिकटायला लागली, त्यावर वाळलेला उसाचा पाला चिकटला, त्यावर परत माती, आणि बघता बघता चाक दुप्पट झालं आणि फ्रेममध्ये अडकून थांबलं. थांबलं म्हणजे अक्षरशः फिरेना. ढकलताही येईना, कारण चाक फिरतच नाही. शेवटी खांद्यावर घेतली, आणि मातीसकट ती सायकल सिमेंटच्या पोत्यासारखी लागत होती. दोन किलोमीटर तसा चाललो. चप्पल असती तर ती पण गेली असती. मळ्यातले एक मामा बांधावर उभं राहून शांतपणे बघत होते, जवळ गेलो तेव्हा खुरपं हातात दिलं आणि म्हणाले, "पावणं, वापसा नाही की अजून, आम्ही पण बैल घालत नाही."

तेव्हापासून मी हवामानाचं अॅप बघतो पण त्याच्यावर ठरवत नाही, वापसा बघतो. शेतकरी घरातल्यांना सांगायला नको, पण बाकीच्यांसाठी: पाऊस पडून गेल्यावर जास्तीचं पाणी निचरून माती ना चिखल ना ढेकूळ अशा अवस्थेला येते तो वापसा. बघायचा कसा, तर मूठभर माती घेऊन दाबा, गोळा होऊ दे, मग अंगठ्यानं ढकला. भुगा झाला तर चाक घाला. नुसता दबला, मेणासारखा, तर डांबरावरनंच परत फिरा. काळ्या रानात एका चांगल्या पावसानंतर चार-पाच दिवस तरी धरा. वरची पापडी वाळलेली दिसते, त्याला भुलू नका, मी भुललो होतो.

आता सायकल

महाग घ्यायची गरज नाही, हे मी मुद्दाम लिहितोय कारण बेळगावातल्याच एका दुकानात मला पहिल्या दिवशी दीड लाखाच्या खाली काही होतच नाही असं सांगितलं होतं. होतं. घरात जुनी हायब्रीड असेल, पुढं तीन चकत्या असलेली, तर तिच्यात चाळीस मिलिमीटरचा टायर बसतो का एवढं फक्त बघा. बसत असेल तर तुमची ग्रॅव्हल सायकल झाली. पुढची सर्वात छोटी चकती २८ दातांची आणि मागची सर्वात मोठी ३२ ची असेल तर घाट चढायला ती नव्या भारी सायकलीपेक्षा सोपी जाते, कारण पायडल एक फेरी मारलं की चाक एक फेरीसुद्धा पूर्ण करत नाही. नवीन घेणार असाल तर हिशोब तोच ठेवा, पुढचे दात मागच्यापेक्षा जास्त असतील असं सगळ्यात हलकं गिअर आपल्या घाटांना उपयोगाचं नाही.

पैसे घालायचे असतील तर टायरमध्ये घाला. आणि ट्यूबलेस करून घ्या. पूर्वेकडं सराटे आणि वेडी बाभूळ, दोन्ही मुबलक, साध्या ट्यूबनं एका दिवसात चार पंक्चर काढलेला माणूस मला माहीत आहे (तोही मीच). ट्यूबलेसमधलं सीलंट काटा टोचला की जागच्या जागी भोक बुजवतं. फक्त आपल्या उन्हात ते वाळतं, दोन-तीन महिन्यांनी हलवून बघा आत खळखळ आवाज येतो का, नाही आला तर भरा.

हवा किती भरायची यावर लोक भांडतात. माझं वजन बहात्तर, चाळीसचा ट्यूबलेस टायर, मी पुढं ३० आणि मागं ३४ पीएसआय ठेवतो. साधी ट्यूब असेल तर पाच-सहा वाढवा, नाहीतर खड्ड्यात टायर दबून रिमची कड ट्यूबला चावते आणि सापाच्या दातासारखी दोन भोकं पडतात. मुरमावर हात बधीर व्हायला लागले तर दोनने कमी करा, दगडावर रिमचा टक्क आवाज आला तर दोनने वाढवा. एवढं साधं आहे.

एक गोष्ट कुणीच सांगत नाही. या सायकलींचा वॉल्व बारीक असतो, प्रेस्टा म्हणतात. गावातल्या पंक्चरवाल्याचा पंप त्याला बसत नाही. पितळेचा एवढासा अॅडॉप्टर मिळतो, पन्नास-शंभर रुपयाला, तो वॉल्ववरच लावून ठेवा. खिशात ठेवलात तर ऐन वेळी मिळणार नाही.

कधी जायचं ते फळ ठरवतं

जून ते सप्टेंबर विसरा. आंबोली-तिलारीत पाऊस म्हणजे पाऊस नसतो, ढगच जमिनीवर बसलेला असतो, जळवा वेगळ्या. ऑक्टोबरमध्ये गवत उंच असतं, पाणंदी दिसतच नाहीत. नोव्हेंबरपासून सुरू करा.

द्राक्षाकडं जायचं तर जानेवारीच्या मध्यापासून मार्च. आपल्याकडं द्राक्षाची छाटणी वर्षात दोनदा होते, एप्रिलमध्ये खरड छाटणी आणि ऑक्टोबरला फळ छाटणी, माल एकदाच. ऑक्टोबर छाटणीनंतर ते माल तयार होईपर्यंत फवारणी जोरात असते. ट्रॅक्टरला मागं ब्लोअर लावून ओळीओळीतून धुकं सोडत जातात, त्या वेळी मळ्याच्या कडेनं हुंगत जायचं कारण नाही, वाऱ्याची दिशा बघून थांबा. आणि घड लोंबताना दिसला म्हणून तोडून तोंडात टाकू नका, एकतर ती चोरी, दुसरं म्हणजे त्याच्यावर काय मारलंय तुम्हाला माहीत नाही. मागितलं तर ओंजळभर देतात, धुवून देतात.

काजूकडं जायचं तर मार्च-एप्रिल. खाली कोकणात आधी सुरू होतो, वर चंदगडात उशिरापर्यंत चालतो, त्यामुळं एप्रिलच्या पहिल्या पंधरवड्यात गेलं की दोन्हीकडं मिळतो. ऊन कडक असतं हे खरं. पण मग पहाटे निघायचं, साडेपाचला चाक फिरलं पाहिजे, अकराच्या आत दिवसाचं मुख्य काम संपवून कुठंतरी सावलीला पडायचं आणि चारनंतर परत.

आधी घराजवळ हात बसवा

एकदम तिलारी गाठू नका. बेळगावकरांसाठी सगळ्यात चांगली शाळा म्हणजे बेळगुंदी, राकसकोपचा पट्टा. हिंडलग्याकडनं बाहेर पडायचं, बेळगुंदीवरून राकसकोप धरण, तिथनं तुडयेकडं, म्हणजे तुम्ही नकळत महाराष्ट्रात शिरलेले असता, आणि जमलं तर महिपाळगडाच्या पायथ्याला देवरवाडीचं वैजनाथ मंदिर करून परत. रताळ्याची रानं, भाताचे बांध, तांबडी माती, छोटे छोटे चढ, चुकलात तरी कुठल्यातरी गावात चहाला पोचताच. दुसरी म्हणजे येळ्ळूरचा राजहंसगड, चढाची सवय करायला.

यात तीन गोष्टी शिकून घ्या. एक, मुरमाच्या चढावर उभं राहून पायडल मारायचं नाही, मागचं चाक हलकं पडून जागेवर घिरट्या घालतं. बसूनच, थोडं पुढं सरकून, हलक्या गिअरवर फिरवत राहायचं. दोन, उतारावर पायडल आडवी, दोन्ही पाय एका लेव्हलला, बूड सीटवरून जरासं उचलून मागं, कोपर ढिली. हँडल घट्ट आवळून धरलं की सायकल तुमच्याशी भांडते, सैल धरलं की ती स्वतःच वाट शोधते. तीन, ब्रेक वळणाच्या आधी. वळणात खडी असते, नेहमी असते, कारण गाड्यांची चाकं खडी वळणाच्या बाहेरच्या कडेला फेकतात, आणि तिथं पुढचा ब्रेक दाबला की तुम्ही आडवे. माझ्या डाव्या कोपरावर तुडयेची खडी अजून आहे.

काजूची राईड: दोन दिवस, बेळगाव ते वेंगुर्ला

सरळ बेळगाव-वेंगुर्ला रोडनं आंबोली उतरलं तर सव्वाशे किलोमीटरच्या आसपास भरतं आणि एका दिवसात होतं, पण ते रोड सायकलचं काम. आपल्याला वाकडी वाट पाहिजे.

पहिला दिवस: हिंडलगा, उचगाव, शिनोळी. इथपर्यंत डांबर, आणि शनिवारी-रविवारी गोव्याच्या गाड्या, त्यामुळं उजाडायच्या आत हा तुकडा संपवा. पुढं पाटणे फाट्यापासून रोड सोडायला सुरुवात करायची. आता पाणंद कशी शोधायची तर आदल्या दिवशी मॅपचा सॅटेलाइट व्ह्यू उघडायचा, दोन गावांच्या मधे तांबडी बारीक रेघ दिसते ती. रेघ जर झाडीत गडप होत असेल तर ती सोडा, शेताशेताच्या मधून सलग जात असेल तर घ्या. महाराष्ट्रानं २०२१ साली मातोश्री पाणंद रस्ते योजना आणली, मुरूम पडलेली पाणंद भेटली तर सोनंच, चार महिने नांगर आणि गाड्यांनी खाल्लेली भेटली तर चाकोरीच्या मधल्या उंचवट्यावरून जायचं, चाकोरीत नाही. चाकोरीत एकदा चाक पडलं की बाहेर काढता येत नाही, जबरदस्ती केली की पडणार.

तरी पण मॅपपेक्षा माणूस खरा. "मामा, ही पाणंद पुढं निघती काय?" असं विचारायचं. 'रस्ता आहे का' असं विचारलं तर तुमची सायकल आणि हेल्मेट बघून ते तुम्हाला डांबराकडंच पाठवणार, त्यांना वाटतं बिचारा चुकलाय. 'निघती काय' विचारलं की बरोबर उत्तर येतं. अथणीकडं कन्नड लागतं, थोडं शिकून ठेवा, दारी म्हणजे वाट, नीरु पाणी, हळ्ळ ओढा, केसरु चिखल, आणि प्रत्येक वाक्याच्या शेवटी 'री' लावायला विसरायचं नाही, मग भाकरीसुद्धा मिळते.

चंदगड तालुक्यात वाटेत काजू दिसायला लागतो, आधी बांधावर, मग अख्ख्या टेकड्या. इथं एक सावधगिरी. एप्रिलमध्ये झाडाखाली बोंडं पडलेली असतात, पिवळी, लाल, आणि वाटेवर पडलेली गाड्यांखाली चिरडलेली असतात. त्याचा वास लांबूनच येतो, गोड आणि जरा आंबूस, नाकाला झोंबणारा. छान वाटतो. पण त्या चिरडलेल्या बोंडांवर चाक साबणावर गेल्यासारखं सरकतं. आणि बी उचलून दातानं फोडायचा शहाणपणा करू नका, टरफलात जे तेल असतं त्यानं ओठ भाजतात, सोलवटतात. बोंडू मात्र मागून खा, रस शर्टावर सांडू देऊ नका, तो डाग जन्मात जात नाही.

रात्री मुक्काम चंदगड किंवा तिलारीनगरच्या बाजूला. आधी फोन करून ठरवून ठेवा, तिलारीकडं मोबाईलला रेंज असेलच असं धरून चालू नका, मॅप ऑफलाइन डाउनलोड करूनच निघा.

दुसरा दिवस तिलारी घाट. हा घाट आंबोलीसारखा ऐसपैस नाही, उतार भयानक आणि वळणं आवळलेली. वर साडेसातशे मीटरच्या आसपास असता आणि थोड्याच वेळात कोकणात. निघायच्या आधी ब्रेक पॅड बघा, खरंच उतरून, वाकून बघा. मेकॅनिकल, म्हणजे तारेवर चालणारा डिस्क ब्रेक असेल तर केबल एक पीळ आवळून घ्या. उतरताना ब्रेक सतत घासत ठेवायचे नाहीत, दाबायचं, वेग मोडायचा, सोडायचं, परत दाबायचं. रिम ब्रेकवाल्यांनी तर दर दोन-तीन वळणांना थांबून रिमला हात लावून बघावं, हात ठेववत नसेल तर पाच मिनिटं डोंगर बघत बसा, तसाही बघण्यासारखा आहे.

गवे. सकाळी सकाळी दिसतात, चंदगडला, आंबोलीत, तिलारीत, सगळीकडं. सायकलचा आवाज नसतो त्यामुळं तुम्ही अगदी जवळ पोचेपर्यंत त्याला पत्ता नसतो आणि मग तो दचकतो, तेच वाईट. लांबून दिसला की थांबा, घंटा वाजवायची नाही, मोबाईल काढून पुढं पुढं जायचं नाही, तो जाईपर्यंत उभं राहायचं. कळपात पिल्लू असेल तर मागं सरका. दोडामार्ग बाजूला हत्ती पण आहेत, २००२ च्या सुमारास कर्नाटकातनं उतरले ते तिथलेच झाले, त्यामुळं 'काल इकडं होता' असं कुणी म्हटलं तर ती वाट त्या दिवशी बंद समजा, हुशारी नको. आणि खानापूरकडचं भीमगड, तिथं मस्त जंगलवाटा मॅपवर दिसतात, पण २०११ पासून ते अभयारण्य आहे, वनखात्याच्या परवानगीशिवाय चाक घालायचं नाही. चोर्ला घाटाच्या दोन्ही अंगालाही तसंच जंगल, आणि रोडवर ट्रक, म्हणून मी ग्रॅव्हलसाठी चोर्ला धरतच नाही.

गव्यापेक्षा मला भीती गोचिडीची. माकडताप म्हणजे केएफडी, १९५७ साली शिमोग्याच्या क्यासनूर जंगलात पहिल्यांदा सापडलेला, तो गेल्या काही वर्षांत दोडामार्ग आणि गोव्यातल्या सत्तरी बाजूलाही आला. उन्हाळ्यात जोर. गोचिडी पाल्यापाचोळ्यात असतात, त्यामुळं काजूच्या बागेत पाचोळ्यावर लोळून फोटो काढू नका, मोजे वर ओढा, मेलेलं माकड दिसलं तर जवळ जाऊ नका, आणि मुक्कामाला पोचल्यावर आंघोळ करून कपडे बदला. घरी आल्यावर आठवडाभरात ताप आलाच तर डॉक्टरला कुठं गेला होतात ते सांगा.

घाट उतरून भेडशी, दोडामार्ग. हवा एकदम बदलते, दमट, घाम वाळत नाही. इथं पाणी दुप्पट, आणि नुसतं पाणी नाही, मीठ-साखर घालून. कोकम सरबत दिसेल तिथं थांबा. धरणाच्या कालव्याच्या कडेनं सर्व्हिस वाटा आहेत, सपाट, लांबलचक, शांत, ग्रॅव्हलला याच्यासारखं काही नाही, फक्त कुठं गेट किंवा पाटी असेल तर मान ठेवा.

दोडामार्गपासून गोवा हाकेच्या अंतरावर. भाटी, म्हणजे काजूची दारू गाळायची भट्टी, बघायची असेल तर डिचोली, सत्तरीच्या बाजूला वेळ काढून वळा. काजू मूळचा ब्राझीलचा, पोर्तुगीजांनी सोळाव्या शतकात आणला, आणि त्यातनं हे निघालं. बोंडं कोळंबीत (मासा नव्हे, तुडवायच्या कुंडाला कोळंबी म्हणतात) घालून पायानं तुडवतात, मग जो रस आपसूक गळतो तो नीरो, गार करून प्याल तर दिवसभराचं ऊन उतरतं, त्यात नशा नाही. उरलेला रस आंबवून भाटीवर चढवला की पहिल्या धारेची ती उर्राक, हलकी, उन्हाळ्यापुरतीच मिळणारी. परत रस घालून दुसऱ्यांदा काढली की फेणी, ती चाळीस टक्क्यांच्या वर. गोव्याच्या काजू फेणीला २००९ मध्ये जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालं. मी नीरो पितो आणि निघतो. उर्राक लिमलेटमध्ये घालून देतात, सरबतासारखी जाते आणि चाळीस मिनिटांनी समजतं, सायकल चालवायची बाकी असेल तर हात लावू नका. बाटली बॅगेत घालून परत यायचा विचार असेल तर परवाना लागतो, चेकपोस्टवर सायकलवाल्याला पण थांबवतात.

पुढं बांदा, सातार्डा, आरोंदा, तेरेखोलची खाडी कडेला घेऊन शिरोडा. या टप्प्यात जांभ्याचा सडा, म्हणजे उघडं पठार, आणि चिऱ्याच्या खाणी, तांबडी पीठासारखी धूळ, ट्रक आला की कडेला उभं राहून तोंडावर रुमाल. शिरोड्याला मिठागरं आहेत, १९३० च्या सत्याग्रहातली, मिठागरांच्या बांधावरून सायकल घालायचा मोह होतो, पण ते चिखलाचे बांध, लोकांनी हातानं लिंपलेले, एका चाकानं फुटतात. चालत जा. तिथनं वेंगुर्ला तासा-दीड तासाचं काम, दोन दिवसांचं मिळून दीडशेच्या आसपास होतं, चुकण्यासकट. वाळूवर नेऊ नका, फोटोपुरतीसुद्धा. खारी वाळू चेनमध्ये गेली की संपलं, मी एका फोटोसाठी नवीन चेन घालवलीय.

द्राक्षाची राईड

हिच्याबद्दल कमी लिहितो कारण ती सोपी आहे, माती सोडून. बेळगावातनं अथणी सायकलनं गाठण्यात अर्थ नाही, मिरज लाइननं उगार खुर्द किंवा शेडबाळला उतरा, सायकल लगेजमध्ये बुक करून. अथणीच्या पूर्वेला तेलसंगकडनं तिकोट्याच्या दिशेनं सरकत राहायचं. चढ असे नाहीतच, पण सावली पण नाही, आणि वारा समोरून आला की घाट बरा वाटतो.

लोक वाइन वाइन करतात. कर्नाटक सरकारनं २००७ मध्ये वाइन धोरण आणलं हे खरं, पण या पट्ट्यात खरं बघायचं ते बेदाणा शेड. लोखंडी मांडणी, एकावर एक जाळीचे थर, वर हिरवी नेट, घड डिपिंग ऑइल आणि पोटॅशियम कार्बोनेटच्या पाण्यात बुडवून त्यावर पसरलेले. दोन-तीन आठवडे वारा खातात. शेडमध्ये बाया बसलेल्या असतात, माल निवडत, आणि तुम्ही थांबलात की पहिल्यांदा सायकल कितीची हे विचारतात आणि मग मूठभर बेदाणा हातावर ठेवतात. यापेक्षा चांगलं एनर्जी फूड मी अजून खाल्लं नाही. खिसा भरून विकत घ्या, बाहेरच्या जेलच्या पाकिटांना सुट्टी.

उसाचा सीझन त्याच वेळी असतो. डबल ट्रॉलीवाले ट्रॅक्टर, टेपवर गाणं फुल, मागं लाइट नाही. अंधार पडल्यावर डांबरावर राहू नका. मागं लाल दिवा तुम्ही दिवसासुद्धा चालू ठेवा.

परत यायचं कसं

वेंगुर्ल्याहून, सावंतवाडीहून बेळगावला एसटी आहेत, पण टपावर कॅरिअर असलेली गाडी आता क्वचित, आणि डिकीत सायकल बसवणं हे कंडक्टरच्या मूडवर. आंबोली चढून परत येणारे पण आहेत, त्यांना माझा नमस्कार. मी शोधलेला उपाय म्हणजे भाजीचा टेम्पो. बेळगावातनं कोकणात आणि गोव्यात रोज भाजी जाते आणि टेम्पो रिकामे परत येतात. बाजारात सकाळी जाऊन विचारायचं, "अण्णा, बेळगावला रिकामं जाताय काय?" पैसे आधी ठरवायचे. सायकल क्रेटवर आडवी टाकायची, चेनची बाजू वर, नाहीतर मागचं डिरेलर, म्हणजे गिअर बदलणारा भाग, वाकतं. दोरी फ्रेमला बांधायची, चाकाला नाही. आणि बेळगावात उतरवल्यावर स्पोकमधनं कोबीची पानं काढून घ्यायची, मी मागच्या वेळी तशीच घरात नेली आणि आई आठवडाभर वास कशाचा येतोय म्हणून फ्रीज साफ करत होती.